एकशे त्रेचाळीस मतांची घट

"उद्या साडेअकराला गुलाल, बाराला पेढे, आन् दिवस मावळायच्या आत मैनाच्या नावाची पाटी दारावर," धोंडीराम म्हणाला. "लिहून ठेवा कुठंतरी. आपल्या गल्लीची एकशे त्रेचाळीस मतं. एक कमी नाय, एक जास्ती नाय. तीस वर्सं काटा बघतोय मी. माप चुकत नसतं."

हे तो बोलला तेव्हा मतदान संपायला तासभर होता. शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या बाहेर टेबलं लावायची, असा नियम. धोंडीरामनं ते शंभर मीटर पावलांनी मोजले होते, आणि त्यानं पावलं मुद्दाम आखूड टाकली, असा शेजारच्या टेबलावरच्या बाळाजी गुरुजींना सकाळपासून संशय होता. गुरुजींनी स्वतःचं टेबल त्याच्या टेबलाला चिकटूनच लावलं होतं, ते सोडा.

गुलालाचं वाक्य हवेत विरायच्या आत गुरुजींचा मुलगा विश्वेश मोबाईल नाचवत आला.

"बाबा, उद्या मोजणी नाही."

"मग कधी?"

"एकवीस तारखेला. कोर्टाचा आदेश आलाय. काही गावांचं मतदान पुढे गेलंय ना, ते झालं की सगळ्यांचं एकदम मोजणार."

धोंडीरामनं बोटं मोजायला घेतली. दोन्ही हातांची संपली, तेव्हा पहिल्या हातावर परत आला. एकोणीस दिवस.

"आन् तवर मतं कुठं?"

"मशीनमध्ये. मशीन कुलपात."

"म्हंजे साठवायची?" धोंडीरामचा चेहरा असा झाला, जणू उघड्या ट्रॉलीवर गारा पडताना बघतोय. "गुरुजी, साठवलेल्या मालाला घट येते."

"मतांना कसली आलीय घट, धोंडीरामभाऊ?"

"कुठल्याबी मालाला येते."

धोंडीराम पिंपळगावच्या बाजारात मापारी होता. शेतकऱ्याचा कांदा काट्यावर घालायचा, आकडा ओरडायचा, चिठ्ठी फाडायची, हे त्याचं काम. आयुष्यात त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. उन्हाळ्यात चाळीत शंभर क्विंटल भरलेला कांदा दिवाळीला शंभर क्विंटल निघत नाही. काही सडतो, काही सुकतो, काहीला कोंब फुटतो, आणि काही कुठं जातो ते चाळीच्या मालकालाच माहीत.

गाव हायवेवरचं, पिंपळगाव आणि चांदवडच्या मधलं. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाल्यापासून त्याला कुणी गाव म्हणेना आणि शहर म्हणायला कुणाची जीभ वळेना. पहिलीच निवडणूक लागली म्हणून धोंडीरामनं आणि बाळाजी गुरुजींनी एकाच शिंप्याकडं पांढरे शर्ट टाकले. शर्ट शिवून आले त्याच दिवशी प्रभागातल्या दोन जागांपैकी एक दुसऱ्या प्रवर्गाला गेली आणि उरलेली महिलांसाठी राखीव निघाली. शर्ट वाया जाऊ नयेत म्हणून धोंडीरामनं बायकोला उभी केली, गुरुजींनी त्यांच्या बायकोला. मैनाबाईंना कपबशी मिळाली, सुधाताईंना छत्री. या दोघी गेली वीस वर्षं एकाच गच्चीवर पापड वाळत घालत होत्या, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही.

"मला नाय उभं राहायचं," मैनाबाई म्हणाल्या होत्या.

"तू कुठं उभी राहतीयेस? फॉर्म उभा राहतोय. तू सही कर," धोंडीराम म्हणाला होता.

पण प्रचारात मैनाबाई घरोघर फिरल्या आणि भलतंच झालं. गल्लीच्या टोकाच्या अकरा घरांत नळाला पाणीच पोचत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. पाइप कुठं बारीक होतो ते त्यांनी साडीचा काठ लावून मोजून आणलं आणि एका वहीत चित्र काढलं. तेव्हापासून त्यांना ती जागा हवी झाली. नवऱ्याला हवी होती त्यापेक्षा जास्त. फक्त नवऱ्याला पाटी हवी होती आणि त्यांना दोन इंची पाइप.

प्रभागात बूथ तीन. चार, पाच आणि सहा नंबरचं. पाच आणि सहावर गुरुजींचं वजन जास्त, कारण तिकडं सुधाताईंनी निम्म्या लोकांना पहिलीत पाढे शिकवले होते. चार नंबरचं बूथ म्हणजे नुसती धोंडीरामची गल्ली. यादीत नावं एकशे बासष्ट. त्यातली वारलेली, नांदायला गेलेली आणि पुण्याच्या कंपनीत असलेली काढली, की उरतात एकशे सत्तेचाळीस. त्यातली चार गुरुजींच्या घरातली: गुरुजी, सुधाताई, विश्वेश आणि सून इरा. राहिली एकशे त्रेचाळीस. ही सगळी कपबशीत पडली तर मैनाबाई जेमतेम निघणार होत्या. दहा-वीस गळाली तर गेल्या.

आणि ती त्या दिवशी त्यानं काय काय करून आणली होती. शहाऐंशी वर्षांच्या कुसाबाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट कांद्याच्या टेम्पोत चढवून आणलं. आत गेल्यावर बटणं दाबायची तीन: एक नगराध्यक्षाचं, दोन प्रभागातल्या दोन जागांची. तिन्ही दाबली की मशीन शिट्टी मारणार. कुसाबाईनं एक दाबलं आणि निघाली.

"आजी, अजून दोन राहिली," अधिकारी म्हणाले.

"म्या एकीलाच सबूद दिलाय."

"अहो, पण शिट्टी वाजल्याशिवाय पुढच्याचं मत होत नाही."

"मग वाजवा की तुमी."

बाहेर रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली. शेवटी कुसाबाईनं भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कपबशीचं झालंय. बाकी कुठलंबी दाबलं तर चालंल ना?" गुरुजींच्या माणसानं हरकत घेतली, अधिकारी तांब्याभर पाणी प्यायले. तेवढं एक मत मात्र धोंडीरामनं कानांनी ऐकलं.

झिपरू आणि बहिरू या भावांचे यादीतले फोटो एकमेकांच्या नावापुढं छापले होते. दोघं एकमेकांसारखे दिसत नव्हते, आणि स्वतःच्या आधार कार्डासारखे तर मुळीच दिसत नव्हते. त्यात पाऊण तास गेला. पण संध्याकाळी यादीतल्या एकशे सत्तेचाळीस नावांवर खुणा झाल्या. गल्लीचं मतदान पूर्ण.

एवढं करून एकोणीस दिवस थांबायचं.

पहिला फटका पेढ्यांना बसला. वीस किलो पेढे सकाळी सात वाजता दारात आले, कारण हलवायाला कोर्टाचा आदेश कुणी कळवला नव्हता. वाटावेत तर लोक म्हणणार, यांना निकाल आधीच कसा कळला? ठेवावेत तर आंबणार. धोंडीरामनं ते "मतदान शांततेत पार पडल्याबद्दल" वाटले. गुरुजींनी नियमभंग होतोय का हे तपासण्यासाठी दोन खाल्ले, खात्री पटेना म्हणून आणखी दोन घरी नेले.

मशीन एका सरकारी गोदामात ठेवली होती. दाराला कुलूप, कुलपाला लाख, लाखेवर सह्या, समोर पोलीस. उमेदवारांच्या माणसांना बाहेर मांडवात बसून टीव्हीवर त्या दाराचं चित्र बघायची परवानगी होती. धोंडीराम बाजारातून रजा टाकून सकाळी आठला येऊन बसे. त्याला एकट्याला बसू द्यायचं नाही म्हणून गुरुजी पावणेआठला येत. मग धोंडीराम साडेसातला यायला लागला. पाचव्या दिवशी दोघं सहापासून थंडीत कुडकुडत एकमेकांसमोर उभे होते, तेव्हा सातला पहाऱ्यावर आलेल्या पोलीस आरोही मॅडम म्हणाल्या, "काका, मीच सातला येते. टीव्ही त्याआधी लागत नाही."

टीव्हीवर दिवसभर दार दिसायचं. ते दार पांढरं होतं आणि त्याला कडी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यावर एक पाल आली.

"ही कुठून आली?" धोंडीराम ताठ झाला.

"सरकारी इमारतीत पाल असायचीच," गुरुजी म्हणाले.

"मग कालपर्यंत का नव्हती?"

 गुरुजींनी घड्याळ बघून वेळ टिपून घेतली. धोंडीरामनं अर्ज लिहिला: दोन वाजून दहा मिनिटांनी दारावर एक पाल आढळली, ती कुठून आली व आत जाऊन आली काय याचा खुलासा व्हावा. कार्यालयानं अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारला. शिक्का बघून धोंडीरामला बरं वाटलं. मग गुरुजींनीही पालीचाच अर्ज दिला, कारण नुसता धोंडीरामचाच अर्ज राहिला तर पाल त्याच्या बाजूची ठरेल, असं त्यांना वाटलं. सहाव्या दिवशी लाईट गेली आणि टीव्ही चार मिनिटं काळा झाला. सातव्या दिवशी एक माणूस शिडी घेऊन गोदामाच्या कडेनं गेला. तो पलीकडच्या बंगल्यात रंगकामाला आला होता हे त्यानं तीनदा सांगितलं, आणि तीनदा सांगितलं म्हणूनच दोघांना ते खरं वाटेना.

"विधानसभेला चिठ्ठी तरी दिसायची काचेतून," धोंडीराम म्हणाला. "या टायमाला नुसती शिट्टी. शिट्टी काय, कुकरबी मारतो."

"मशीनचं सोडा हो," गुरुजी हातातली टोपी झटकत सहज म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही. माणसांचं काय? आत गेल्यावर बोट कुठं पडलं, ते त्यालाच ठाऊक."

हे बोलताना गुरुजींच्या मनात काही होतं की नव्हतं, देव जाणे. पण त्या दिवसापासून धोंडीरामनं गोदामाच्या दाराकडं बघायचं कमी केलं आणि गल्लीच्या दारांकडं बघायला सुरुवात केली.

त्याच संध्याकाळी बहिरूची बायको मंगलाबाई सुधाताईंच्या घरातून झाकलेलं पातेलं घेऊन निघाली. झाकलेलं का? बहिरूच्या घरात मतं चार. गेली चार. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं त्याला "या, बसा" म्हटलं. रोज तो "ये रे, बस" म्हणायचा. माणूस मान द्यायला लागला म्हणजे मनात काहीतरी आहे. किराणावाल्याची सहा. कुसाबाईनं कपबशीचं नाव मोठ्यानं घेतलं होतं खरं, पण इतक्या मोठ्यानं का घेतलं? खरं मत देणारा कशाला ओरडेल?

रोज संध्याकाळी तो घरात शिरता शिरता आकडा सांगे.

"एकशे बत्तीस."

"काय?" मैनाबाई विचारत.

"उरली."

"अहो, मतं मशीनमधी हायेत. तुमच्या डोक्यात कशी काय सडत्यात?"

"तुला साठवणीतलं काय कळतंय?"

"मला एवढं कळतंय, की रोज चाळ उघडून कांदा हातानं चाचपत बसलं तर चांगलाबी सडतो."

दहाव्या दिवशी आकडा शहाण्णववर आला. मैनाबाईंनी पाइपाच्या चित्राची वही फळीवरून काढून मांडीवर घेतली आणि बराच वेळ उघडली नाही. शहाण्णवात पाणी येत नव्हतं.

अकराव्या दिवशी धोंडीरामला युक्ती सुचली. त्याचा बाप बैलबाजारात दलाल होता. तिथं सौदा तोंडानं व्हायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या माणसांना काही कळत नाही. धोंडीरामनं उपरणं घेतलं आणि गल्लीत निघाला.

"तोंडानं काय बी बोलू नका," तो दारादारात सांगू लागला. "गुप्त मतदान हाय, कायदा हाय. फक्त बोट दाबा. कपबशीला एक, छत्रीला दोन."

कुसाबाईनं उपरण्याखाली त्याची पाचही बोटं धरली आणि सोडीना. "आधी बैल दाव," ती म्हणाली. झिपरूला वाटलं, धोंडीराम त्याची शेळी मागतोय. त्यानं मान हलवली, दोनदा बोटं दाबली, शेवटी सौदा पटला असं समजून हात जोरात झटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी धोंडीरामच्या दाराला बांधलेली होती. ती परत न्यायला झिपरू तयार होईना, कारण एकदा रुमालाखाली ठरलं की मोडायचं नसतं. बाकी गल्लीनं मात्र बोट एकच दाबलं. एक, एक, एक. धोंडीराम तीन दिवस फिरला. कुसाबाईला आणि झिपरूला कपबशीतच धरून एकशे बेचाळीस बोटं झाली. त्यात त्यानं स्वतःचंही धरलं होतं. उपरण्याखाली आपलंच बोट दाबून बघितलं होतं.

हे गुरुजींच्या कानावर गेलं. त्यांनी हरकतीचा अर्ज दिला, शिक्का घेतला आणि घरी सत्यनारायण घातला. गल्लीला आमंत्रण. दारात विश्वेश पाटावर बसून कोण प्रसाद घेतंय ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी मांडवात गुरुजी प्रसन्न होते.

"काय गुरुजी, झोप लागलेली दिसती."

"काल सगळी गल्ली प्रसादाला आली होती. दोन-दोन द्रोण घेऊन गेली. सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन माणूस खोटं वागत नाही, धोंडीरामभाऊ."

"सगळी?"

"कुसाबाईसकट."

धोंडीरामनं टीव्हीवरच्या दाराकडं बघितलं. जे लोक उपरण्याखाली एक बोट दाबतात तेच संध्याकाळी शिरा खातात. आता कोण खरं? माप हरवल्यासारखं झालं. काट्याच्या एका पारड्यात गल्ली होती आणि दुसऱ्यातही तीच गल्ली होती.

राहिलं होतं एकच बोट. सतराव्या दिवशी मैनाबाई चुलीपुढं नव्हे, गॅसपुढं भाकरी थापत होत्या, तेव्हा धोंडीराम उपरणं घेऊन पुढ्यात बसला.

"हात दे."

"पिठाचा हाय."

"पिठाचा तर पिठाचा."

मैनाबाईंनी उपरण्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "आता मलाबी?"

"गल्लीतलं एकच घर राहिलंय. हेच."

"रुमाल कशाला? तोंडानं सांगते की. मी सुधाताईला दिलं."

भाकरी तव्यावर पडली. धोंडीराम उपरण्याखाली हात तसाच धरून बसला.

"काय?"

"आपलंच नाव आपणच दाबायचं? पंगतीत वाढणारीनं पयलं आपल्याच पानात वाढून घ्यायचं का? मला नाय जमलं. एवढी माणसं देतायत, ती देतीलच म्हनलं, आपलं एक तिकडं जाऊ दे. ती बाईबी आपलीच हाय."

"अगं, तू उमेदवार हायेस!"

"म्हनून तर लाज वाटली."

धोंडीराम उठला, बाहेर गेला, शेळीजवळ उभा राहिला, परत आला. "एकशे बेचाळीस," तो म्हणाला. "आता काय बी होऊ दे, बूथ नंबर चारला एकशे बेचाळीसच्या वर आकडा जाऊ शकत नाय. हे एवढं एकच माप पक्कं."

"भाकरी खावा," मैनाबाई म्हणाल्या.

एकवीस तारखेला सकाळी गोदामाच्या शेजारच्या हॉलमध्ये टेबलं लागली. मैनाबाईंचा मोजणी प्रतिनिधी धोंडीराम, सुधाताईंचे गुरुजी. मोबाईल बाहेर ठेवून घेतले होते. उमेदवार म्हणून दोघींनाही आत यायचा हक्क होता, पण दोघी बाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून, एकाच डब्यातले पोहे खात बसल्या. "तुम्ही दोघं भांडा आत," सुधाताई म्हणाल्या होत्या. "आम्हाला कळवा."

आत कर्मचारी मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचत, दुसरा कागदावर लिहून घेई. प्रतिनिधींनी जाळीपलीकडून मशीनकडं आणि कागदाकडं लक्ष ठेवायचं. धोंडीराम गुरुजींच्या चेहऱ्याकडं लक्ष ठेवून होता, गुरुजी धोंडीरामच्या.

"प्रभागातली महिला जागा. बूथ चार. कपबशी एकशे त्रेचाळीस. छत्री चार."

गुरुजींच्या डोळ्यांसमोर प्रसादाचे द्रोण तरळले. दोन-दोन द्रोण. सगळ्या गल्लीनं त्यांच्या सत्यनारायणाला गंडवलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि पुढचा बराच वेळ उघडले नाहीत.

धोंडीरामनं मात्र बोटांवर पुन्हा मोजलं. एकशे त्रेचाळीस. त्यानं सांगितलेला आकडा, शंभर लोकांसमोर, तंतोतंत. आणि तो बरोबर येणं शक्यच नव्हतं. मैनाचं मत त्यात नव्हतं. मग हे एक आलं कुठून? आणि तसंही, तीस वर्षांत काट्यावर कधी आकडा असा नेमका उतरला नव्हता. पोतं नेमकं भरलं, की मापाऱ्यानं समजायचं, कुणाचा तरी अंगठा काट्यावर आहे.

"बूथ पाच. कपबशी दोनशे आठ, छत्री दोनशे सत्त्याण्णव. बूथ सहा. कपबशी दोनशे एकतीस, छत्री दोनशे चौऱ्याऐंशी."

कर्मचाऱ्यानं कागदावर बेरीज मांडली. "कपबशी एकूण पाचशे ब्याऐंशी. छत्री पाचशे पंच्याहत्तर. कपबशी सात मतांनी पुढे."

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "जाहीर करण्याआधी कुणाची हरकत?"

गुरुजी डोळे मिटूनच होते. धोंडीरामनं हात वर केला.

"तुमची?" अधिकारी बाईंनी कागद बघितला. "तुम्ही कपबशीचे ना?"

"हो."

"तुम्ही पुढे आहात."

"म्हनूनच."

"म्हणजे?"

"एक मत जास्तीचं हाय, मॅडम. आमच्याकडं. कुठून आलं ते कळल्याशिवाय मी घेनार नाय. आज एक जास्ती घातलं, उद्या म्हनतील आम्ही घातलं. सगळं पहिल्यापासून मोजा."

"अहो, जिंकलेल्यानं अशी मागणी केलेली मी पाहिली नाही."

"अर्ज देतो," धोंडीराम म्हणाला. पालीच्या वेळेपासून त्याला अर्जाचा हात बसला होता. दोन मिनिटांत लिहिला, सही केली. त्यावर शिक्का बसला आणि आवक नंबर पडला.

मशीन परत उघडायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात तो जाळीतून बाहेर आला आणि लिंबाखाली गेला.

"मैना, खरं सांग. तू छत्रीच दाबलीस ना?"

"किती वेळा सांगू?"

"सात मतांनी पुढं हायेस खरी, पन मग बूथ चारला एकशे त्रेचाळीस कसे? एक मत वाढलंय. मशीनमधी कालवाकालव हाय."

सुधाताईंनी पोह्यांचा घास खाली ठेवला. आधी त्या मैनाबाईंकडं बघून हसल्या, मग तोंडावर पदर धरून हसल्या. "अहो भाऊजी, ते माझं आहे. मी हिला दिलं."

"तुमी?"

"आपलं बटण आपणच दाबायचं, कसंतरीच वाटलं हो. यांना सांगू नका हं."

"अगं बाई," मैनाबाई म्हणाल्या. "मीबी तेच केलं."

"म्हणजे मी तुला आणि तू मला?"

"म्हंजे सारखंच झालं की."

दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसत राहिल्या. मैनाबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याला विचारलं, "किती म्हनलात? सात? सात मतांनी आले मी?" त्यांनी पिशवीतून वही काढली. पाइपाच्या चित्राचं पान त्यांनी अंगठ्यानं बिनचूक उघडलं.

धोंडीराम तोवर पळत सुटला होता. जाळीशी पोचला तेव्हा त्याला दम लागला होता.

"मॅडम, हरकत नाय माझी. मत सापडलं. कालवाकालव नाय. अर्ज परत द्या."

"अर्ज आवक झालाय," अधिकारी बाई म्हणाल्या. "आवक झालेला अर्ज निकाली काढावा लागतो. बसा."

तिन्ही मशीन पुन्हा उघडली. आकडे तेच निघाले. मग बेरीज पुन्हा केली. छत्रीच्या बेरजेत हातचा एक धरायचा राहून गेला होता; पाचशे पंच्याहत्तर नव्हे, पाचशे पंच्याऐंशी. मैनाबाई तीन मतांनी पडल्या.